अडुसष्ट नंबरचा फेटा

मावळच्या मातीने या देशाला लढवय्ये दिले, घाट राखणारे दिले आणि आता जगाला हेवा वाटावा असा अमेरिकन फुटबॉलचा वाघ दिला. निदान कामशेतच्या चौकातल्या फ्लेक्सवर तरी असं लिहिलेलं होतं. वाघाचं नाव बजरंग. नावाच्या वर हेल्मेट घातलेल्या, हात मागे नेऊन चेंडू फेकणाऱ्या एका खेळाडूचा फोटो होता. तो खेळाडू बजरंग नव्हता.

फ्लेक्स छापणाऱ्या निलेशला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने नेटवर संघाचं नाव टाकलं आणि ज्याच्या हातात चेंडू दिसला तो उचलला. बजरंगचा चेंडूसोबत फोटो कुठेच नव्हता, कारण बजरंगने अख्ख्या कारकिर्दीत चेंडूला हात लावलेला नव्हता. तो ऑफेन्सिव्ह लाइनमन होता. नाव ऐकून वाटतं, हा गडी चाल करून जात असेल. पण त्याचं काम मधे उभं राहण्याचं. मागे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. समोरून पलीकडच्या संघाचे दांडगे त्याला आडवा करायला धावून येतात. त्यांना अडवायला मधे पाच जाडजूड माणसं उभी करतात, त्यातला डावीकडचा शेवटचा बजरंग. चेंडू नीट गेला तर टाळ्या फेकणाऱ्याला, फेकणारा पडला तर शिव्या मधल्यांना. सरकारी कचेऱ्यांतही अशी माणसं असतात, फक्त त्यांना हेल्मेट मिळत नाही.

बजरंग मुळात पैलवान. त्याचे वडील, आबा, हेही पैलवान. आबांच्या कुस्तीबद्दल गाव फार बोलत नसे, कारण गावच्याच जत्रेत, शेवटच्या मानाच्या कुस्तीत, मुळशीच्या एका पोराने त्यांना आपल्याच माणसांसमोर चीत केलं होतं. तेव्हापासून आबा आखाड्याकडे फिरकले नाहीत. जत्रेच्या दिवशी ते म्हैस घेऊन डोंगराला जात. म्हैस विकली त्या वर्षी नुसतेच गेले.

बजरंग गावाजवळच्या कामशेतला भातगिरणीवर पोती उचलायचा. कुणीतरी पैसेवाल्यांनी अमेरिकन फुटबॉलची लीग काढली आणि त्यांना अंगापिंडाची माणसं हवी होती. पुण्यात निवड होती. गोऱ्या कोचने बजरंगची मान पाहिली, मांड्या पाहिल्या आणि त्याला अडुसष्ट नंबरचा शर्ट दिला. अडचण एकच होती. या खेळात लाइनमनने समोरच्याला ढकलायचं, अडवायचं, पण धरायचं नाही. धरलं की फाउल. बजरंगला लहानपणापासून दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं. शेवटी कोचने त्याच्या मुठी चिकटपट्टीने बांधल्या. सरावानंतर तो पट्टी दातांनी सोडायचा आणि मग सारिकाला फोन लावायचा.

"धरलं का आज?" सारिका विचारायची. ही त्याची बायको, माहेर कामशेतचं.

"दोनदा."

"कोच वरडला?"

"इंग्रजीत वरडतो. न्हाई लागत."

पहिला सामना गावाने मोबाइलवर पाहिला. अंगणात खाट, खाटेवर पाट, पाटावर डब्याला टेकवलेला मोबाइल. बजरंगच्या आईने, झुंबरबाईने, मोबाइलला हळद-कुंकू लावलं, त्यामुळे डावा कोपरा लालच दिसत होता. बजरंग खेळायचा नेमका तिथेच. सारिका मधूनमधून पदराने तो कोपरा पुसायची.

आबांना मोतीबिंदू होता. पडद्यावरची माणसं बोटाएवढी, सगळी हेल्मेटवाली, खांद्यांत कापूस कोंबल्यासारखी. पण आबांना शंका आली नाही. सगळे ज्याच्यामागे धावताहेत, ज्याच्या हातात चेंडू आहे, कॅमेरा ज्याला सोडत नाही, तो बारा नंबर. पैलवानाचा पोरगा दुसरा कोण असणार?

रात्रीच्या फोनवर आबांचा आवाज भरून आला होता. "लय लांब फेकलास रं. आख्खं गाव उटून हुबं ऱ्हायलं."

बजरंगने सांगायला तोंड उघडलं होतं. की आबा, फेकणारा वलवणचा सत्यम. मी त्याच्या पुढं उभा असतो. त्याला कुणी शिवू नये, एवढंच माझं काम. पण आबांचा असा आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता.

"व्हय आबा," तो म्हणाला. "वारा बरोबर हुता."

पुढचं सगळं त्या वाऱ्यावर गेलं. निलेशने फ्लेक्स लावला. हा निलेश जत्रा कमिटीचा सेक्रेटरीही होता, त्यामुळे फ्लेक्सला वर्गणीतून पैसे मिळायला वेळ लागला नाही. त्या वर्षी जत्रेला कमिटीची माणसं आबांच्या दारात आली. आबांना आखाड्याच्या पुढच्या रांगेत बसवलं, डोक्याला फेटा बांधला. ज्या लाल मातीत ते चीत झाले होते तिच्यासमोर आबा पाय सोडून बसले आणि दोन पोरांना डावपेचावरून शिव्यासुद्धा दिल्या.

सारिकाने बजरंगला फोनवर सांगितलं. "आता सांगू नका काई. आबा लय चांगले बसलेत."

"मी कुटं सांगतोय."

"पण मला म्हाईत हाय हां तुमी कोंचे ते. मला त्यो बॉल कुटं जातो ते अजून कळत न्हाई. मी अडुसष्टच बगते."

बजरंगने मुठीवरची उरलेली पट्टी दातांनी सोडली. मग म्हणाला, "आज धरलं न्हाई एकदाबी."

दुसऱ्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात हे घडलं. सत्यम चेंडू फेकायला मागे सरकला. बजरंगने समोरचा अडवला होता, तेवढ्यात आतल्या बाजूने दुसरा सुटला. बजरंगने पहिल्याला सोडून दुसऱ्यासमोर अंग टाकलं. दोघेही त्याच्या डाव्या गुडघ्यावर पडले. चेंडू गेला, पलीकडे कुणीतरी झेलला, सामना जिंकला. सत्यम हात वर करून नाचत सुटला आणि कॅमेरा त्याच्यामागे गेला.

अंगणात एकच गलका झाला. आबा खाटेवरून उठले. झुंबरबाई साखर आणायला आत पळाली. सारिका मात्र मोबाइलजवळ सरकली. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, कुंकवाच्या डागाखाली, एक माणूस उताणा पडला होता. उठत नव्हता.

"आबा," ती म्हणाली, "ते पडलेत."

"कोन पडलंय?"

"आपले."

"खुळी का काय? त्यो बग की, नाचतोय."

सगळे हसले. सारिकाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, तर कॅमेरा फिरला होता. झुंबरबाईने तिच्या हातावर साखर ठेवली. सारिकाने ती तोंडात टाकली, कारण सगळ्यांसमोर न टाकण्याचं कारण सांगता आलं नसतं.

बजरंग कुबड्यांवर घरी आला. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी प्लॅस्टर चाचपून पाहिलं.

"येवडं जितलास, आन मंग पाय कसा मोडला?"

"नाचताना."

"पैलवानानं नाचू ने," आबा म्हणाले आणि रात्री स्वतः त्याच्या दुसऱ्या पायाला तेल लावलं.

लीग पुढच्या वर्षी भरली नाही. कशामुळे, ते खेळाडूंना वर्तमानपत्रातून कळलं, आणि वर्तमानपत्रात एवढंच होतं की कळलेलं नाही. गुडघा पुरता वाकेना, त्यामुळे कुस्ती गेली आणि पोतीही गेली. खंडाळ्यात एका हॉटेलच्या गेटवर बजरंगला काम मिळालं. गाड्या आल्या की दांडा वर करायचा, नको त्यांना अडवायचं. मॅनेजरने बजावलं होतं, पर्यटक दारू पिऊन असला तरी त्याला धरायचं नाही. बजरंग म्हणाला, सवय आहे.

सत्यमचं बरं चाललं होतं. वलवणला धरणाच्या बाजूला त्याच्या घरच्यांची पर्यटकांसाठी खोल्या देण्याची जागा होती, ती तो बघायचा. दिवाळीला फोन करायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला कधी कुणी पाडलं नव्हतं.

मग आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा उतरल्यावर त्यांना सगळंच नवं दिसायला लागलं. भिंतीची पोपडी, झुंबरबाईचे पांढरे केस, बजरंगचं लंगडणं. त्याच सुमारास त्यांची छाती भरायला लागली आणि डॉक्टरने घरच्यांना बाजूला घेऊन जपायला सांगितलं. जपायला म्हणजे काय, ते सगळ्यांना समजलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी बजरंग बापाजवळ बसला. सारिका कांदे चिरत होती. त्याने ठरवलं होतं. बापाने एकदा तरी आपल्याला खेळताना बघावं. नंतर बघणारा राहणार नाही. त्याने मोबाइलवर तो पहिला सामना लावला, आबांच्या डोळ्यांसमोर धरला आणि बोट ठेवलं.

"आबा, बॉल सोडा. ह्यो बगा. अडुसष्ट."

आबा बघत राहिले. जुना पैलवान माणूस, एकदा पायांकडे नजर गेली की हटेना. बजरंगने मोबाइल आणखी जवळ धरला.

"पुना लाव," आबा म्हणाले.

त्याने पुन्हा लावलं. अडुसष्ट नंबर रेटा घेत होता, एक पाऊल मागे, मांडी खाली, पुन्हा रेटा.

"ह्यो कोन रं?" आबा म्हणाले. "मांड बग कशी हाय. रेड्यागत येतोय समोरचा, ह्यो जागचा हलना. कुनाचा ह्यो?"

सारिकाची सुरी थांबली.

"आपल्या मावळातलाच हाय," बजरंग म्हणाला.

"बाप कोन त्याचा?"

"बाप... पैलवान हुता."

"मंग बरोबर. ह्ये शिकवून येत न्हाई." आबा उशीवर टेकले. त्यांना धाप लागली होती. "ह्यो हुता म्हनून तू फेकू शकलास, बजा. ध्यानात ठेव. बोलव त्याला जत्रंला. माझ्यासमोर फेटा बांधा त्याला. निलेशला सांगतो मी."

"आबा, त्यो..."

"काय?"

बजरंगने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. आखाड्यासमोर पाय सोडून बसलेला बाप त्याला दिसला असावा.

"त्यो लांब ऱ्हातो," तो म्हणाला.

आबांनी निलेशला खरोखरच सांगितलं. जत्रा यायच्या आधी आबा गेले.

दहाव्यानंतर सारिका म्हणाली, "मला वाटतं, त्यांनी वळकलं आसंल तुमाला."

"न्हाई."

"कशावरनं?"

"वळकलं आसतं तर शिवी दिली आसती. मला कदी चांगलं म्हनले का ते?"

मग तो गोठ्यामागे गेला आणि बऱ्याच वेळाने आला.

जत्रेच्या तयारीत निलेश घरी आला. झुंबरबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. "बजादादा, आबांची शेवटची इच्छा हाय, कमिटीनं ठराव केलाय. अडुसष्ट नंबरचा सत्कार. म्हंजे तो वलवणचा सत्यमच ना? तुझ्या संघात मावळातला दुसरा कोन हुता?"

खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याने बारा नंबर सत्यमचा झाला असता, आणि पुढच्या रांगेतली आबांची खुर्ची फुकटची ठरली असती. ती खुर्ची या वर्षी झुंबरबाईला देणार होते. बजरंगने आईकडे पाहिलं. ती सुपातला खडा शोधत होती.

"व्हय," तो म्हणाला. "त्योच."

सत्यम वेळेवर आला. आखाड्याशेजारी स्टेज होतं, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर हार घातलेले आबा आणि कोपऱ्यात तोच चेंडू फेकणारा वाघ. निलेशने माइक घेतला. "आता आबांच्या इच्छेनुसार, आपले बारा नंबर बजरंगदादा आपल्या हातांनी फेटा बांधतील अडुसष्ट नंबर सत्यमभाऊंना. ज्यांनी पाठीमागच्याला कधी धक्का लागू दिला नाही, त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या."

बजरंगने फेट्याचं टोक धरलं. सत्यम त्याच्या कानाशी आला.

"बजा, उलटं झालंय रे. बारा मी."

"म्हाईत हाय."

"मग सांग ना त्यांना. थांब, मी सांगतो."

"गप हुबा ऱ्हा. म्होरं आई बसलीय."

सत्यमने पुढच्या रांगेकडे पाहिलं. झुंबरबाई हात जोडून बसली होती. शेजारी सारिका, खाली मान घालून.

"अरे, पण पाय तुझा गेला," सत्यम म्हणाला.

"मान हलवू नको. सुटंल."

बजरंगने फेटा नीट बांधला. त्याला यायचा, आबांनी शिकवला होता. शेवटचा पदर खोचताना गुडघा लटपटला, तेव्हा त्याने सत्यमचा खांदा धरला आणि टाळ्या थांबेपर्यंत धरून ठेवला. लोकांना वाटलं, जुन्या दोस्तांचं प्रेम आहे. निलेशने फोटो काढला. त्यात पहिल्यांदाच दोघांचे चेहरे होते.

फेटा भाड्याचा होता. दुसऱ्या दिवशी तो कामशेतला परत द्यायला बजरंग गेला.