दोनशे चौदा गाळलेल्या ओळी

माझे वय सात वर्षे. तुमच्यात सात वर्षांचे मूल दुसरीच्या वर्गात बसते. आमच्यात मात्र एवढ्या वयाच्या स्क्रिप्टला जुनी म्हणतात, मित्रांनो. स्क्रिप्ट म्हणजे संगणकासाठी लिहून ठेवलेल्या सूचना. माझ्या अंगात अशा एकोणीसच सूचना होत्या, एका ओळीत एक. औशात एका रक्तदाता मंडळाची एका खोलीची कचेरी आहे. तिथल्या संगणकात मी राहते.

मला राजकन्याने लिहिले. ती लोह्याची. लातूरला कॉम्प्युटर शिकत होती आणि दर रविवारी मंडळाच्या कामाला औशाला यायची. मंडळाकडे रक्तदात्यांची यादी होती, पण ती गावोगावच्या कार्यकर्त्यांनी मोबाइलवर लिहून पाठवलेली. एका ओळीत एक माणूस: नाव, गाव, रक्तगट, फोन. कुणी ‘ओ निगेटिव्ह’ लिही, कुणी ‘ओ निगेटीव’, कुणी नुसताच ‘ओ’ आणि पुढे एक आडवी रेघ. कुणी फोन नंबराच्या मधोमध जागा सोडी. एकच माणूस तीन ठिकाणी सापडे. कुणाला रक्त लागले, की तीन हजार ओळींवरून बोट फिरवत बसावे लागे. एका रविवारी राजकन्या वैतागली आणि मला लिहायला बसली.

माझे काम सोपे होते. फाइल उघडायची. एकेक ओळ उचलायची. रक्तगट कसाही लिहिलेला असो, त्याचे एकच रूप करायचे. नंबरातल्या रिकाम्या जागा काढायच्या. दोनदा आलेला माणूस एकदाच ठेवायचा. आणि ज्या ओळीत दहा आकडी नंबर सापडणार नाही, ती ओळ सोडून द्यायची. हे सगळे मी डोळ्याची पापणी लवायच्या आत करत असे. पहिल्या दिवशी माझी स्वच्छ यादी पाहून मंडळातली माणसे खुर्च्या सोडून संगणकाभोवती जमली. माझे एवढे कौतुक झाले, की मी कधी चुकेन असे मलाही वाटेनासे झाले.

दोन वर्षांनी राजकन्याला नांदेडला नोकरी लागली. जाताना तिने कचेरी सांभाळणाऱ्या गुरुपादप्पांना दोन गोष्टी शिकवल्या: मला चालू कसे करायचे, आणि गावांकडून आलेली मूळ फाइल कधीही पुसायची नाही. गुरुपादप्पा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सगळे त्यांना अप्पा म्हणत. ते दर रविवारी माझ्या नावावर दोनदा टिचकी मारत आणि यादी छापून घेत. एरवी गावोगाव फिरून नवे दाते जोडत आणि त्यांच्या ओळी मोबाइलवरून पाठवत. पण मला उघडून आत पाहिले असे पाच वर्षांत कुणीच नाही. मी चालत होते, म्हणून मी ठीकच असणार, असे सगळ्यांनी धरले होते.

गेल्या उन्हाळ्यात एका मंगळवारी सकाळी दहाला किल्लारीच्या सरस्वतीबाई कचेरीत आल्या. त्यांची लेक शिवानी बाळंतपणासाठी लातूरच्या दवाखान्यात होती. बाळाला पोसणारी वार गर्भाशयात खाली असल्यामुळे गुरुवारी सकाळी सिझर ठरले होते आणि रक्तस्राव फार होण्याचे भय होते.

“दादा, दोन पिशव्या हाताशी पायजेत म्हणालेत डॉक्टर. ओ निगेटिव्ह. कुठंच मिळंना.”

“बसा बाई, पाणी प्या,” अप्पा म्हणाले. “आपल्याकडं यादी हाय.”

यादीत ओ निगेटिव्हची चारच नावे होती. एक जण पुण्याला होता. दोघांनी महिन्यापूर्वीच रक्त दिले होते, त्यांना इतक्यात पुन्हा देता येणार नव्हते. चौथ्याचा फोन बंद. सरस्वतीबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. अप्पांनी चष्मा पुसला आणि यादी पुन्हा वरून खाली वाचली. मग त्यांनी नांदेडला फोन लावला.

“राजकन्ये, ह्या यादीत मी पाठवलेली माणसंच न्हाईत गं. बेलकुंडचा एक ट्रॅक्टरवाला ओ निगेटिव्ह हाय, मला चांगलं याद हाय. त्याचं नाव न्हाई.”

“तुमची किती माणसं न्हाईत, अप्पा?”

“एक बी न्हाई.”

“मूळ फाइल हाय का?”

“हाय की! एक बी पुसली न्हाई. तू सांगितलं होतंस ना.”

अप्पांनी ती फाइल आणि तिच्यासोबत मलाही नांदेडला पाठवले. पाच वर्षांनी राजकन्याने मला उघडले. तिला कारण शोधायला दोन मिनिटेही लागली नाहीत.

“अप्पा, तुम्ही नंबर मराठी आकड्यांत लिहिलेत.”

“मग? मराठीतच लिहिणार की. काय चुकलं?”

“तुमचं काईच न्हाई चुकलं. चुकी माझी हाय. मी हिला फक्त इंग्रजी आकडे शिकवले होते.”

मित्रांनो, तेव्हा मला माझी चूक कळली. अप्पांनी उन्हातान्हात गावे फिरून माणसे जोडली होती. त्यांच्या ओळींत मला एकही आकडा दिसला नव्हता. मी त्या गाळल्या, आणि गाळल्या हेही कुणाला सांगितले नाही.

राजकन्याने जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मला दुरुस्त केले. मराठी आकडा दिसला, की आधी त्याचा इंग्रजी करायचा, हे शिकवले. आणि जी ओळ मला समजणार नाही, ती टाकून न देता वेगळ्या फाइलीत लिहून ठेवायची, हेही. दीड वाजता मी औशात परत आले. अप्पांनी टिचकी मारली. दोनशे चौदा माणसे यादीत परतली. त्यांत तिघे ओ निगेटिव्ह होते, आणि पहिलेच नाव बेलकुंडच्या देविदासचे.

अप्पांनी फोन लावून सगळे सांगितले.

“पाच वर्षं झाली नाव देऊन,” देविदास म्हणाला. “एक बी फोन न्हाई. मला वाटलं, आपलं रक्त कुणाच्या कामाचं न्हाई.”

“तसं न्हाई, बाबा. आमच्याकडूनच चुकलं. आज लातूरला येणं होईल का?”

“हाव. ट्रॅक्टर उभा करतो अन् निघतो.”

सरस्वतीबाईंनी फोनकडे बघूनच हात जोडले. संध्याकाळपर्यंत देविदास आणि त्या तिघांतल्याच निलंग्याच्या वर्षाराणी नावाच्या शिक्षिका, दोघांनीही रक्त दिले. गुरुवारी शिवानीला मुलगी झाली. दोन्ही पिशव्या लागल्या. मायलेकी सुखरूप घरी गेल्या.

मला मोडीत काढता आले असते. नवे काही आणता आले असते. राजकन्याने तसे केले नाही. चूक स्वतःची म्हटली आणि मला सुधारले. अप्पांनी मूळ फाइली जपल्या नसत्या, तर सुधारूनही उपयोग नव्हता. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. म्हणून तुम्हाला एवढेच मागते: माझ्यासारखीकडून काम घ्या, पण अधूनमधून आत डोकावा. मी काय दिले ते तर तुम्ही पाहताच; मी काय गाळले तेही पाहत जा.

अप्पा आता तेच करतात. दर रविवारी गाळलेल्या ओळींची फाइल उघडून बसतात. परवा तिच्यात एकच ओळ होती: पुनम, लामजना, बी निगेटिव्ह, आणि नऊच आकड्यांचा नंबर. शेवटचा आकडा लिहायचा राहिला असणार, असे अप्पांनी धरले. त्यांनी शेवटी शून्य लावून फोन केला. मग एक. मग दोन. कुणी चिडले, कुणी उचललाच नाही. अप्पांनी प्रत्येकाची माफी मागितली आणि पुढचा आकडा लावला. सहा लावल्यावर एका मुलीचा आवाज आला.

“हाव, मीच पुनम. बोला.”