पाहुण्यांसाठी राखलेली रल्ली

मी एक जुनी रल्ली आहे, मित्रांनो. तुम्ही मला सरळ गोधडी म्हणाल, माझी हरकत नाही. पण आमच्या सिंधच्या वाळवंटात घरात कितीही गोधड्या असल्या, तरी एक पाहुण्यांसाठी राखलेली असते. घरचं माणूस तापाने फणफणलं तरी तिच्यावर अंग टाकत नाही. तो मान माझा. त्यामुळे माझा स्वभाव थोडा ताठ आहे, हे आधीच सांगून टाकते.

लाछूच्या आईने मला लेकीच्या लग्नासाठी शिवलं. जुन्या ओढण्या आणि आजोबांचा निळा पटका माझ्या अंगात आहे. वस्तीतल्या बायका माझ्या चारी कडांना बसून टाके घालत आणि सासवांची उणीदुणी काढत. लाछूच्या सासरी तर वाटसरू, व्याही, उंटवाले, किती जण माझ्यावर टेकले! उठवत नाही म्हणत, आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

मग एके वर्षी लाछू आणि तिचा नवरा भारूमल सीमा ओलांडून जोधपूरला आले, ते कायमचे. शहराबाहेर वस्तीत झोपडी उभी राहिली. भारूमल दगडाच्या खाणीत जाऊ लागला. मला घडी घालून पेटीवर ठेवलं, ती मी तिथेच पडून राहिले.

शेजारची गवरा इथलीच. पहिल्याच दिवशी तिने भरलेला माठ आणून दिला. पुढे कधी ताक, कधी सरपण. दुपारी ती गप्पांना येई आणि सारवलेल्या उघड्या जमिनीवर बसे. लाछू तिच्यासाठी मला पसरत नसे. मला लाछूचा फार राग येई.

एकदा गवराने टोमणा मारलाच. "काय गं, ही राजाच्या स्वारीसाठी ठेवलीस का?"

लाछू नुसती हसली. संध्याकाळी भारूमलला मात्र म्हणाली, "पाहुण्याला बसवायला आधी घर आपलं लागतं. आपला मुक्कामच दर खेपेला सरकारकडून वाढवून घ्यायचा. उद्या परत जा म्हणाले तर? इथं आपणच पाहुणे."

तेव्हा माझा राग गेला. इथलं नागरिकत्व मिळावं म्हणून दोघांच्या कचेरीच्या खेपा चालूच होत्या. कधी साहेब रजेवर, कधी एखादा दाखला कमी. मधल्या काळात उंदरांनी माझा कोपरा कुरतडला. लाछू मला मांडीवर घेऊन रडली. गवराने आपली जुनी बांधणीची ओढणी फाडून दिली, आणि तिचं ठिगळ मला लागलं. म्हणजे बघा, लाछूच्या आधी मीच इथली झाले. मला कुणी शपथही घ्यायला लावली नाही.

लाछूला ती घ्यावी लागली. नागरिक होऊन दोघं कचेरीतून परतली, तेव्हा भारूमल वस्तीभर गूळ वाटत सुटला. लाछूने आधी मला उन्हात झटकलं आणि घराच्या मधोमध पसरलं, ठिगळाची बाजू दाराकडे करून. मग तिने गवराला हाक मारली.

गवरा आली आणि सवयीने जमिनीवर बसू लागली. लाछूने तिचा हात धरून माझ्याकडे आणलं. गवरा उभीच राहिली.

"इतकी वर्षं मी परकी होते का गं?"

"नाही, बाई. इतकी वर्षं पाहुणी मी होते, यजमानीण तू. आज माझी पाळी."

गवरा बसली. तिचा हात नेमका त्या ठिगळावर पडला, आणि तिने तो बराच वेळ तिथेच ठेवला. एवढं सुख मला कुठल्याही व्याह्याने दिलं नव्हतं.

मित्रांनो, आता माझे टाके उसवू लागलेत. तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी घडीत असेल, तर तिला ऊन दाखवा, ठिगळ लावायला लाजू नका. वापराने झिजायचं आम्हाला भय नसतं.

काल पलीकडच्या झोपडीत सिंधमधून नवं कुटुंब आलं. लाछू त्यांना भरलेला माठ देऊन आली. सांगत होती, त्यांच्याही पेटीवर एक रल्ली आहे, घट्ट घडी घातलेली.

तिला एवढंच सांगा, उंदरांपासून जप, आणि धीर सोडू नकोस.