दोनदा पटापट, एकदा सावकाश

माईच्या मुलानं टाकीच्या लोखंडी कडेवर अंगठी वाजवली. दोनदा पटापट, एकदा सावकाश. पाण्याच्या तळाशी शिळेसारखं पडलेलं कासव हललं, त्यानं मान लांब केली आणि आपलं थोरलं धूड उचलून ते सरळ त्याच्या हाताखाली आलं. खाली काचेपाशी उभ्या असलेल्या पोराटोरांनी टाळ्या पिटल्या.

"बघितलंस, माई? माणूस ओळखतं ते. बाबा गेले, पण त्यांची खूण विसरलं नाही."

माई कासवाकडे बघतच नव्हती. कठड्याजवळ तिच्यासाठी ठेवलेल्या स्टुलावरून ती अर्धी उठली होती. एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीवर. आपण कशाला उठलो हे तिचं तिलाच कळेना. ती पुन्हा बसली.

नवऱ्याची सगळी हयात या मत्स्यालयात गेली, पण माईनं इथं कधी पाऊल टाकलं नव्हतं. "मासळीचा वास रोज शर्टाला लागून घरी येतोय, त्याच्या माहेरी मी कशाला जाऊ?" असं ती म्हणायची. आज आली ती मुलाच्या नोकरीसाठी. मत्स्यालय ठेवायचं की बंद करून प्राणी समुद्रात सोडायचे, यावर वरच्या सभागृहात सुनावणी होती. ज्यानं कासव वाढवलं त्याच्या बायकोनं चार शब्द बोलावेत, अशी मोठ्या साहेबांची इच्छा. कासव आमच्या घरचंच होतं, प्रेमानं हाकेला यायचं, एवढंच बोलायचं. मुलानं ते तिच्याकडून घरी घोटून घेतलं होतं.

"ही खूण ह्यांनी इथं कधी आणली?" माईनं विचारलं.

मुलगा हसला. बादली धरून उभा असलेला त्याचा जोडीदारही हसला. गोष्ट त्याला पाठ असावी.

"अगं, बाबा सगळ्यांना सांगायचे की! हे नवीन आलं तेव्हा कोपऱ्यातून हलायचं नाही. तेव्हाचे साहेब म्हणाले, याला बोलावल्यावर यायला कसं शिकवणार? बाबा म्हणाले, काळजी सोडा साहेब, घरी एक शिकवून झालंय. लग्नाच्या पहिल्याच वर्षी."

"कासवाला जरा वेळ लागला म्हणे," जोडीदार म्हणाला. "तुम्हाला नाही लागला, माई."

भाजीवाल्यानं माप मारलं तर त्याला गल्लीभर सोलून काढणारी बाई. पण आता ती मुलाच्या बोटातल्या अंगठीकडे बघत होती.

नवी नवरी होती तेव्हा आजूबाजूचे पुरुष बायकांना "अगं ए" म्हणून ओरडत. हिचा नवरा कधी ओरडला नाही. ताटावर बसला की कडेवर अंगठी वाजवायचा, आणि ही पाणी घेऊन यायची. "ही आपल्या दोघांची खूण," असं तो एकदा हळूच म्हणाला होता. ते एक वाक्य माईनं जन्मभर दागिन्यासारखं अंगावर वागवलं. शेजारणींना ऐकवलं. नवरा गेल्यावर अंगठी मुलाच्या बोटात आली, तेव्हा सुनेलाही बजावलं, "कान उघडे ठेव. आमच्या घरात बाईला हाका मारत नाहीत, खूण करतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि ती पाखडायची कुणावर, तर तो मेलेला. भांडण ऐन रंगात येतं तेव्हा हजर नसणं, हा मेलेल्या माणसांचा मोठा फायदा.

सभागृहाच्या दारात नात उभी होती. हातात पाटी: 'काच फोडा, कासव सोडा.' या पाटीवरून बापलेकीचं बोलणं बंद होतं.

"आजी, खरं बोल हं आत."

"तू आधी घरी स्वतःचा कप विसळ. मग काचा फोड."

आज जो समोर येईल त्याला ती चावणार होती.

आत दोन्ही बाजू तावातावानं बोलत होत्या. साहेब म्हणाले, समुद्रात प्लॅस्टिक आहे, जाळी आहेत; इथं पोटभर खाणं आहे, औषधपाणी आहे, आणि पोरांनी कासव काय फक्त चित्रात बघायचं? नातीच्या बाजूचा दाढीवाला म्हणाला, ते सबंध दिवस एकाच बाजूनं गोल फिरतं, याला सुख म्हणायचं? एकाचं म्हणणं सुखी, दुसऱ्याचं दुःखी. सोयरीक ठरवायला बसलेली माणसं अशीच बोलतात, माईला वाटलं. जिच्याविषयी बोलणं चाललंय ती आत भांडी घासत असते.

"या, आजी," साहेब गोड आवाजात म्हणाले. "मनातलं बोला."

"मनातलं? तुम्ही तर पाठ करून आणायला सांगितलं होतं."

हशा पिकला. मुलानं मान खाली घातली.

"कासव प्रेमानं येतं, हे सांगायला मला आणलंय. प्रेमानं नाही येत ते. ज्याचं खाणंपिणं एकाच हातात असतं, ते त्या हाताकडे येणारच. त्याला माया म्हणत असाल, तर तुम्ही कधी उपाशी राहिला नाहीत."

दाढीवाल्यानं जोरात टाळ्या वाजवल्या.

"तू नको वाजवू. तुम्ही सोडाल त्याला समुद्रात. तिथं कुण्या होडीच्या कडेवर काही आपटलं, की हे तोंड वर करून जाणार. आणि तिथं जाळं असणार. जन्मभर वाजवल्यावर यायला शिकवायचं, आणि म्हातारपणी म्हणायचं, जा बाई, तू मोकळी. फुकटचा मोठेपणा!"

"मग आम्ही करायचं तरी काय?" साहेबांच्या आवाजातली साखर सरली होती.

"ते वाजवणं बंद करा. खाणं टाका आणि बाजूला व्हा. त्याला वाटेल तेव्हा येईल, खाईल. नाही आलं लोकांना दिसायला, तर नाही आलं. एवढं एक जमवा, मग पुढचं भांडा."

टाळी कुणाचीच पडली नाही.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर मुलाचा बांध फुटला.

"माझी नोकरी तर घालवलीसच. भरल्या सभेत बाबांची अब्रू काढलीस."

"अब्रू त्यांनीच वाटली होती, हसत हसत. फक्त ती माझी होती."

"अगं, एवढीशी गंमत ती..."

"गंमत होती ना? मग ती मला का नाही सांगितली? मीही हसले असते."

तो खाली बघून भात कालवत राहिला. नात मोबाइलमध्ये तोंड घालून बसली होती. सगळ्यांना वाढून झाल्यावर सून आत्ता कुठे टेकली होती, पहिला घास हातातच होता.

मुलाचा पेला रिकामा झाला. तो रागात होता, पण हाताला राग कुठे कळतो? अंगठी ताटाच्या कडेवर पडली. दोनदा पटापट, एकदा सावकाश.

सून घास ठेवून उठली.

माईही उठली होती. जिला खुर्चीतून काढायला एरवी दोन माणसं लागत, ती कुणाचा आधार न घेता ताठ उभी होती, आणि तिचा हात पाण्याच्या भांड्याकडे निम्म्या वाटेवर पोहोचला होता.

सासू-सुना एकमेकींकडे बघत राहिल्या. नातीनं मोबाइल खाली ठेवला.

माईनं हात मागे घेतला. तो सुनेच्या खांद्यावर ठेवला, आणि त्याच्यावर भार देऊन तिला खाली बसवत स्वतःही बसली.

"जेव," ती म्हणाली. "गार होतंय तुझं."

पाण्याचं भांडं मुलापासून हातभर लांब होतं. तो वाट बघत होता. ऐकू गेलं नसेल, असं वाटून त्यानं पुन्हा अंगठी वाजवली, जरा जोरात.