धाकटीचं काचघर

थोरलीच्या डोळ्यांत सलत होतं ते परसातलं काचघर. जुन्या खिडक्यांची तावदानं जोडून धाकटीने ते उभं केलेलं, दोघी आत शिरल्या तर कोपराला कोपर लागावं एवढंसं. बर्फाने अख्ख्या गावाला घरात कोंडलेलं, आणि ही बया सकाळी डोळा उघडला की तिथे, दिवेलागणीलाही तिथेच. बी लावून वाढवलेल्या लिंबाला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळ्या धरल्या होत्या ना!

घरात दोघीच बहिणी. थोरली निवृत्त झालेली. दिवसभर तिने काय भिंतींशी बोलायचं? सोबत हवी होती तिला, आणि सख्खी बहीण असून ती मिळत होती एका कुंडीला.

त्या सकाळी धाकटी हात चोळत स्वयंपाकघरात आली. "ताई, छपरावरचा बर्फ दगड झालाय. खरवडून निघत नाही. ऊन मिळालं नाही तर कळ्या गळतील गं."

थोरलीचा जन्म गेला होता इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्यात. नव्याने लागणाऱ्या प्रत्येक पोरीला तिचा पहिला धडा एकच असे, गार काचेवर कढत पाणी घालायचं नाही. तिने वर न बघता सांगितलं, "कढत पाणी ओत. चटकन सुटेल."

वर स्वतःच पातेलं भरून चुलीवर ठेवलं. पोटात एक आणि ओठांत एक म्हणतात ते हेच.

पाणी पडलं आणि तावदानं तडातड फुटून आत कोसळली. धाकटीने उघड्या हातांनी काचा उचलल्या, कळ्यांच्या फांद्या अरुंद दारातून निघेनात म्हणून झाडावर गोधड्या टाकल्या. थोरलीने आपली शालही दिली. आधी गळा कापायचा आणि मग पट्टी बांधायला धावायचं, असली माया. रात्रीच्या गारठ्याने झाड मुळापर्यंत काळं पडलं.

"माझाच उतावळेपणा, हळूहळू ओतायला हवं होतं," धाकटी म्हणत राहिली. थोरलीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आता धाकटी घरातच असायची. शेजारी बसायची, जेवायची, विचारलं तर बोलायची. थोरली अगदी सुखात होती. एका दुपारी धाकटीने खिडकीतला गारठलेला काचेचा पेला उचलला आणि चहाचं आधण त्यात ओतायला गेली. थोरलीची जित्याची खोड, ती बोलून गेली, "अगं, आधी कोमट पाण्याने विसळ. गार काच आहे, तडकेल."

धाकटीचा हात तिथल्या तिथे थांबला. तिने चहा खाली ठेवला. खिडकीतून फुटक्या काचघराकडे बघितलं, मग बहिणीकडे.

रस्त्यांवरचा बर्फ एव्हाना हटला होता. धाकटीने मावशीकडे जायची पिशवी भरली. मग परसात जाऊन वाळक्या फांद्या मोडल्या, मेलेल्या लिंबाची कुंडी उचलली, थोरलीच्या खोलीत नेली आणि पलंगाच्या उशाशी ठेवली.

"मला एकटीला टाकून जाऊ नकोस गं," थोरली म्हणाली. "मी इथे कुणाशी बोलू?"

"त्याच्याशी बोल, ताई," धाकटी बूट चढवत म्हणाली. "सोबत हवी होती ना तुला?"