कोपऱ्यातलं चुकलेलं फूल

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. चार खूर, चार दांडे आणि मधे अंबाडीच्या दोरीची वीण, एवढाच माझा संसार. हल्ली बाजेवर कुणी झोपत नाही, त्यामुळे तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलंही नसेल. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

वाटूरच्या शिवारात काकासाहेबांच्या बांधावर एक बाभूळ होती. ती वाळली तेव्हा सुताराने तिच्यातून माझं अंग घडवलं. बाभळीचं लाकूड हट्टी. तोच हट्ट माझ्यातही उतरला आहे. काकासाहेबांनी घरच्या अंबाडीची दोरी वळली आणि मला विणायला ते स्वतः बसले. बाज विणायला दोघं लागतात. एकाने दोरी द्यायची, दुसऱ्याने ती ओढून घ्यायची. समोर बसल्या होत्या नंदाबाई, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. उशाच्या कोपऱ्यात दोन दोऱ्यांखालून घ्यायचा पदर त्यांनी तीन दोऱ्यांखालून घेतला. लक्षात येईपर्यंत वीण बरीच पुढे गेली होती. नव्या नवरीचे डोळे भरून आले.

"उसवा सगळं," त्या म्हणाल्या.

"कशापायी?" काकासाहेब हसले. "उसवली की दोरी पीळ सोडती. चारी कोपऱ्यांत असंच घेऊ. मंग कोण म्हणंल चुकलं म्हणून?"

त्या चुकीतून माझ्या चारी कोपऱ्यांत एकेक फूल उमटलं. गावात चौकडीच्या बाजा पुष्कळ, पण फुलांची मी एकटीच. येणारा-जाणारा विचारायचा, "ही वीण कुठली हो?" काकासाहेब मिशीतल्या मिशीत हसायचे आणि नंदाबाई पदर सावरत घरात जायच्या. मला फार मोठं झाल्यासारखं वाटे.

माझ्यावर वाळवणं पडली, पाहुणे लवंडले, त्यांचा मुलगा अंगद माझ्यावर उड्या मारत मोठा झाला. पुढे त्याचं लग्न झालं, घरात गादीचा दिवाण आला. नव्याची नवलाई! मला गोठ्याच्या भिंतीला उभं केलं. कोंबड्या माझ्या दांड्यावर रात्र काढू लागल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग काकासाहेबांना अर्धांगवायू झाला. एक बाजू गेली, वाचाही गेली. गादीवर पडून त्यांच्या पाठीला जखमा होऊ लागल्या, तेव्हा खालून वारा लागावा म्हणून अंगदने मला झटकून घरात आणलं. त्यांचं सगळं बघायची ती सून, सुरेखा.

या सुरेखाला एक नाद होता. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ती काळ्या पेनने नक्षी काढायची. आधी आखायचं नाही, खोडायचं नाही. एका रेघेशेजारी दुसरी, अशी भरत जायची. पण तिला स्वतःचं काही सुचत नसे. मोबाईलमधलं बघून काढायची, आणि एखादी रेघ वाकडी गेली की पत्रिका सरळ चुलीत. एका दुपारी लाईट गेली, मोबाईलही बंद पडला. सासऱ्यांना, तिच्या मामाजींना, वारा घालता घालता तिची नजर माझ्या कोपऱ्यावर थांबली. तिने पेन उचलला आणि तिथलं फूल पत्रिकेवर उतरवलं.

त्या दिवसापासून तिला जिथं तिथं नक्षी दिसू लागली. चाळणीच्या भोकांत, मक्याच्या कणसात, रानातल्या भेगांत. काकासाहेब तिचं चित्र पाहायचे आणि चांगल्या हाताने माझ्या कोपऱ्याकडे बोट करायचे. सुरेखाला वाटे, पाणी मागताहेत. ती पेला पुढे करी, ते मान हलवत. त्यांना काय सांगायचं होतं ते मला ठाऊक होतं, पण लाकडाचं कोण ऐकतं?

एके दुपारी सुरेखा माझ्या पायथ्याशी बसून चित्र भरत होती. मामाजी झोपलेत, असं तिला वाटलं. चित्र संपवून तिने वर पाहिलं, तेव्हा ते गेले होते.

आमच्याकडे जीव जाण्याआधी माणसाला जमिनीवर घेतात. बाजेवर जीव गेला तर ती बाज घरात ठेवत नाहीत. सुरेखाला कुणी बोल लावला नाही, पण तिने पेन फडताळात टाकला तो टाकलाच. आपण रेघांत गुंतलो नसतो तर मामाजींना वेळेवर खाली घेतलं असतं, हे तिच्या मनातून जाईना.

तेरावं झालं आणि मला परतूरच्या लाकडाच्या वखारीत न्यायला गावातल्या भुजंगचा टेम्पो दारात आला. अंगद विळ्याने दोऱ्या कापू लागला. उशाचा कोपरा सुटला आणि मी करकरले.

सुरेखा घरातून धावत आली. शेवटची पत्रिका तिच्या हातात होती.

"कापू नका हो! आत्याबाई, ह्यांना थांबवा."

"जीव गेलेली बाज हाय, बाई. न्हाई ठिवत," नंदाबाई म्हणाल्या. "हातात काय तुझ्या?"

"मामाजी गेले तवा हेच काढून राह्यल्ते मी." सुरेखाचा बांध फुटला. "माझ्यामुळंच त्यांना खाली घेता आलं न्हाई."

नंदाबाईंनी पत्रिका डोळ्यांजवळ धरली. रेघांवरून फिरत फिरत त्यांचं बोट एका फुलावर थांबलं.

"अगं, ही तर माझी चूक हाय," त्या म्हणाल्या आणि माझ्या उरलेल्या विणीवर बसल्या.

मग त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. विणायचा तो दिवस, डोळ्यांतलं पाणी, काकासाहेबांचं हसणं. ते बोट का दाखवत होते, हे सुरेखाला तेव्हा कळलं. ती ओक्साबोक्शी रडली.

"मला त्यांनी उसवू दिलं न्हाई," नंदाबाई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "तू बी उसवत बसू नको. आता पुढचं विणायचं. अंगद, टेम्पो जाऊ दे."

"माय, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. आपल्याच बाजेवर गेले ते, परक्याच्या न्हाई."

अंबाडी आता कुणी पेरत नाही. बाजारातून पांढरी दोरी आली. ते चित्र समोर ठेवून सासू-सुना माझा तुटलेला कोपरा विणायला बसल्या. नंदाबाईंच्या हातून एक पदर निसटला. त्यांनी ओशाळून सुनेकडे पाहिलं. सुरेखाने आपल्या बाजूलाही तसाच पदर सोडला. आता माझ्या उशाला एक पांढरं, निराळंच फूल आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू घराबाहेर काढण्याआधी घडीभर तिच्याजवळ बसा. तिला निरखून पाहा, आणि तिच्यावर कुणाचे हात फिरलेत ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. सांगणारं माणूस गेलं की आम्ही नुसतं लाकूड उरतो.

काल सुरेखाने पेन काढला. माझ्यावर बसून तिने एक रेघ ओढली, ती वाकडी गेली. तिने एकदा चुलीकडे पाहिलं. मग माझ्या पांढऱ्या फुलावरून हात फिरवला, आणि वाकड्या रेघेशेजारी तशीच दुसरी ओढली.