चार पेल्यांचा एक

"नाक दाबू नकोस," काढेवाला म्हणाला. "नाक दाबून प्यायलं की औषध रुसतं."

"रुसू दे. एवढी माणसं रुसली माझ्यावर, त्यात हे एक." तरी बायकोनं नाक सोडलं, घोट घेतला आणि असं काही तोंड वाकडं केलं, की नवखा माणूस घाबरलाच असता. "कडूजहर! जीव घ्यायचाय का माझा?"

काढेवाल्याचा चेहरा खुलला. ही बोलणी खायलाच तो हल्ली रोज पहाटे उठत असे.

घराच्या पुढच्या खोलीत त्यानं चाळीस वर्षं काढा विकला. तापातून उठलेले, अन्नावरची वासना उडालेले, पोट धरून आलेले, सगळ्यांना एकच मुळी. ती ठेचून रात्री भिजत घालायची, सकाळी त्याच पाण्यासकट मंद आचेवर चढवायची, झाकण ठेवायचं नाही आणि चार पेल्यांचा एक होईपर्यंत जागचं हलायचं नाही. पेला हातात देताना प्रश्नही एकच, "कडू लागतंय ना?" कडू कळतं तोवर शरीर भांडतंय, असं त्याला वडिलांनी शिकवलं होतं. एखादा आजारी 'नाही' म्हणाला, की तो घरच्यांना बाजूला घेई. "आता काढा नको. त्यांना आवडेल ते द्या." शेजारी गाळायचं फडकं पिळत बायको हे सगळं ऐकत असे.

डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच हात टेकले होते. मुलगी फोनवर रडायची, "बाबा, कशाला छळताय आईला?" तो सांगायचा, "अगं, तिला अजून कडू लागतंय."

रिकामा पेला घेऊन तो स्वयंपाकघरात आला. ओट्यावर चाचपडताना हात झाकलेल्या वाटीला लागला. त्यानं झाकण काढून बोट बुडवलं. ठेचलेल्या मुळ्या रात्री भिजवल्या तशाच होत्या, पाणीही काठोकाठ.

म्हणजे आपण कोरंच पाणी आटवलं! त्याला आधी हसूच आलं. मोतीबिंदूमुळे रंग दिसला नाही आणि वासाचं म्हणाल, तर त्या घराच्या भिंतीच चाळीस वर्षं काढा प्यायल्या होत्या. त्यानं पातेल्याच्या तळाशी उरलेलं पाणी बोटानं चाटून पाहिलं. कोमट पाणी, दुसरं काही नाही.

मग त्याच्या ध्यानात आलं. बायको आत्ता कडूजहर म्हणाली होती. काल म्हणाली होती, परवाही. कधीपासून तिला कळेनासं झालं होतं, देव जाणे. त्याला तिचा भयंकर राग आला. इतकी चांगली नक्कल करायची काय गरज होती? फडकं तोंडात कोंबून तो रडला.

"अहो," आतून हाक आली. "उद्या मुळ्या जरा कमी घाला हं. आज फार कडक झालं होतं."

"बरं," तो कसाबसा म्हणाला.

त्या रात्री त्यानं मुळ्या भिजवल्याच नाहीत. सकाळी कोरं पाणी मंद आचेवर चढवलं, झाकण ठेवलं नाही, आणि चार पेल्यांचा एक होईपर्यंत तो जागचा हलला नाही. फडक्यातून गाळूनही घेतलं. मग तिच्या मानेखाली हात घालून त्यानं पेला तिच्या ओठांना लावला.

"कडू लागतंय ना?"

तिनं डोळे मिटले आणि तोंड वाकडं केलं. "कडूजहर."

"मग लागू पडतंय," तो म्हणाला.