नवसाच्या केसांत अडकलेली फणी

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी फणी आहे. बारीक दातांची, खास उवा काढण्यासाठी केलेली. बन्सीधर मास्तरांनी मला परभणीच्या बाजारातून आणून झरीच्या शाळेच्या खिडकीत ठेवले, तेव्हा वाटले होते की शाळेत आपल्याला मान मिळेल. कसला मान! तो निजामाचा अंमल, शाळा मोजक्या, आणि आमच्याकडची निम्मी पोरे मेंढ्यांमागून उठून थेट वर्गात येणारी. त्यांच्या डोक्यांत मी काय काय पाहिले ते न सांगितलेलेच बरे.

मास्तर माणूस भला, पण त्यांना दम म्हणून नव्हता. पोरांच्या हाती फणी दिली तर घोळ घालतील, म्हणून ते स्वतःच सगळ्यांना ओळीने बसवून खसाखसा विंचरत. पोरे रडत, माझे दात दुखत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणी काही शिकेल तर शपथ! एकदा मास्तर तापाने घरी राहिले, तर एकाही पोराने मला हात लावला नाही.

सर्वांत अवघड डोके मल्हारीचे. रायभान धनगराचा हा मुलगा खंडोबाच्या नवसाचा. चंपाषष्ठीला देवाला वाहीपर्यंत त्याच्या केसांना वस्तरा लावायचा नव्हता. त्यातच तालीमखात्याचे, म्हणजे निजामाच्या शिक्षणखात्याचे, साहेब तपासणीला येणार होते. उवा सापडलेल्या पोराचे नाव शाळेतून काढून टाका, असा त्यांचा हुकूम होता. मास्तरांनी घाईघाईने मल्हारीला धरून विंचरले आणि माझ्यात अडकलेले गुंतवळ उकिरड्यावर फेकले. मल्हारीच्या घरी तर गळलेला केससुद्धा देवाचा मानून चिंधीत बांधून ठेवत. हे मास्तरांनी विचारलेच नव्हते.

त्याची आई बानूबाई तरातरा शाळेत आली.

"मास्तर, देवाचे केस तुमी उकिरड्यावर फेकायलाव. न्हाई धाडायची मी लेकराला आता."

मास्तरांनी परोपरीने समजावले, पण ती मुलाचा हात धरून निघालीच. तेव्हा मल्हारी म्हणाला, "आये, माझं मी इंचरतो. एक केस खाली पडू देत न्हाई." बानूबाई थांबली. तपासणीपर्यंत बघू, म्हणाली.

पुढचे दिवस माझ्या वैऱ्यालाही नकोत. तो मला जटेत रुतवी, ओढी, आणि एकेक केस सोडवून चिंधीत ठेवी. धडा संपे तरी अर्धे डोके शिल्लकच. माझे तीन दात त्याने मोडले. मास्तरांचा हात सारखा माझ्याकडे वळे आणि मल्हारी पाठ फिरवून बसे. कुणीतरी मला सोडवा, असे मी मनात ओरडत होते. पण साहेबांनी त्याचे केस उलटेसुलटे करून पाहिले, तेव्हा त्यांना काही सापडले नाही. मल्हारीचे नाव शाळेत राहिले. मला फार आनंद झाला.

चंपाषष्ठी झाली आणि मल्हारी तुळतुळीत डोक्याने शाळेत आला. आता तरी माझी सुटका, असे मला वाटले. त्याने मला उचलले आणि नुकत्याच शाळेत येऊ लागलेल्या धाकट्या बहिणीच्या, अंबूच्या हातात दिले. मास्तर तिला विंचरायला पुढे झाले, तर हा मध्ये उभा.

"मास्तर, तिचं तिला करू द्या. लय येळ लागतोय, पर येतंय."

अंबूने लगेच माझा चौथा दात मोडला.

मित्रांनो, आपली फणी धुऊन, पुसून ठेवत जा. पण धाकटे भावंड विंचरायला बसले आणि पाहून तुमचा जीव कासावीस झाला, तरी ती त्याच्या हातातून हिसकावू नका. दात मोडले तर मोडू द्या.